बाळाच्या थडग्यातली कुपी

दत्तारामभाऊ, तुम्ही गेलात त्याला आज सहा दिवस झाले. परवा शुक्रवारी तुमचा चुलतभाऊ मोहन तुमच्या अस्थी घेऊन मुंबईच्या विमानात बसेल आणि तिथून एसटीने गावी जाईल. त्याच्याजवळ माझं एक पत्र जायचं आहे, तुमच्या बायकोला. काल ट्रंक कॉलवर त्यांनी मोहनला एवढंच सांगितलं, "तेंका थयसून काढलां कित्याक, तां वयनींक विचार. लोक चोरी म्हणतत. माका खरां काय तां कळूक व्हया." खोदकामावरून तुम्हाला का काढलं, हा त्यांचा प्रश्न मोहनने मला दारात उभ्या उभ्याच सांगितला, पाणीसुद्धा घेतलं नाही. मी "हो, लिहिते" म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्यांना लिहायचं धैर्य होईना, म्हणून आधी तुम्हाला लिहायला बसले. तुमच्यासमोर घाबरायची मला जुनी सवय आहे.

ऋचा आत्ताच शाळेतून आली. दप्तर टाकून माझ्या खांद्यावरून डोकावली आणि विचारलं, "आई, हू आर यू रायटिंग टू?" मी म्हटलं, दत्ताराममामांना. ती म्हणाली, "बट ही कान्ट रीड इट नाऊ." मी तिला म्हटलं, हो गं, माहीत आहे मला. ती जेवायला गेली.

तुम्हाला खोदकामातल्या वस्तूंच्या त्या गोदामातला पहिला दिवस आठवतो का? समुद्रावरचा मोठा पूल तेव्हा अजून पुरा व्हायचा होता आणि इथे बहारीनच्या बेटावर जिथे तिथे नवे रस्ते आखले जात होते. एका रस्त्याच्या आखणीत जुनी टेकाडं आली, आणि त्या टेकाडांखाली दोन हजार वर्षांपूर्वीची थडगी. रस्ता यायच्या आत ती उघडून नोंदवायची म्हणून परदेशातून एक मोहीम आली होती. तिचे प्रमुख म्हणजे आपले डॉक्टर. सुधीरच्या कंपनीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं की इंजिनियरसाहेबांची बायको पुण्यात चित्रकला शिकली आहे, घरी बसून कंटाळते. वस्तूंची मोजून-मापून चित्रं काढायला त्यांना माणूस हवंच होतं. तुम्ही मोहिमेचा पिकअप चालवायचात. सकाळी बुसैतीनला आमच्या घरी येऊन मला घेऊन जायचात आणि दुपारी टेकाडांवरून पेट्या भरून आणायचात.

पहिल्या पेटीत कापसात गुंडाळलेली एक काचेची कुपी होती, माझ्या करंगळीएवढी. उन्हात धरली तर निळी, जांभळी, हिरवी व्हायची. डॉक्टर म्हणाले, ही रोमन काच आहे. रोमच्या राज्यात, तिकडे सीरियाच्या किनाऱ्यावर फुंकून केलेली, उंटांवरून आणि गलबतांतून इथवर आली. आत सुगंधी तेल असणार. मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवायचे. तुम्ही दारात उभे होतात. तुम्ही तुमच्या त्या हिंदीत विचारलंत, "साब, इतना दूर से लाया, तो फिर मिट्टी में काय को रखा?" डॉक्टर हसून म्हणाले, हेच शोधायला तर मी आलो आहे. परत जाताना गाडीत तुम्ही म्हणालात, "ह्येंका एवढी पुस्तकां वाचून कळणा नाय? मायेन ठेवल्यानी." मी हसले होते. तेव्हा मी हसू शकत होते.

खरं सांगू, मी पहिल्यापासूनच त्या गोदामात घाबरत होते. त्या काचेवरचे रंग म्हणजे एक पातळ पापुद्रा असतो. जमिनीतल्या ओलीने वर्षानुवर्षं काच कुजून तो धरतो. बोट जरा जोरात लागलं, वारा जरा कोरडा आला, की तो गळून पडतो आणि रंग गेले ते गेले. पहिल्या आठवड्यात माझ्या हातून एका पेल्याचा असा पापुद्रा सुटला. फुलपाखराचा रंग बोटाला लागावा तसा तो माझ्या अंगठ्यावर आला. मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. अंगठा पदराला पुसला. तुम्ही ते पाहिलंत.

मला तेव्हा पाचवा महिना होता. घरी पुण्यात कुणालाही ठाऊक नव्हतं की मी थडग्यांतल्या वस्तू हाताळते. सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी पुढच्या विमानाने मला परत नेलं असतं, आणि मला ते काम सोडायचं नव्हतं. दिवसभर घरी एकटीने बसून पोटातल्या जिवाचा विचार करायची मला त्याहून जास्त भीती वाटायची. मन चिंती ते वैरी न चिंती. गोदामात निदान हातात पेन्सिल असायची.

गोदामाच्या फाटकाशी एक कडुलिंब होता. पहिल्याच दिवशी घरी निघताना तुम्ही गाडी थांबवलीत, उतरून दोन पानं तोडलीत, एक मला दिलंत आणि म्हणालात, "वयनीनू, ह्यां पान चावा आदी, मगे घराक जावा." स्मशानातून परत आल्यावर आपल्याकडे जे करतात ते. मी म्हटलं, अहो, दोन हजार वर्षांचं कसलं आलंय सुतक? तुम्ही म्हणालात, मेलेलं माणूस जुनं झालं म्हणून जिवंत होतं काय? पुढे तीन महिने मी रोज ते कडू पान चावून घरी गेले. सुधीर विचारायचा, तोंड एवढं वाकडं का? मी म्हणायचे, गोदामातला चहा वाईट असतो.

आपलं भांडण मात्र रोज व्हायचं. मी म्हणायचे, आपण हे वाचवतोय, नाहीतर बुलडोझर या सगळ्याचा चुरा करेल. तुमचं एकच पालुपद, "मातीक दिलेलां परत मागूचां नसतां." मी म्हणायचे, मग बुलडोझरने फोडलं तर चालेल? तुम्ही म्हणायचात, "बुलडोझराक काय कळता? आपणाक कळता." मी चिडून म्हणायचे की मग नोकरी का करता इथे? तुम्ही शांतपणे स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणायचात, गावाकडे तीन पोरं आहेत म्हणून. ग्रहण होतं त्या दिवशी तर तुम्ही माझ्या टेबलावरून पेन्सिल उचलून नेलीत. आमच्या कामात भांड्याचं चित्र काढताना अर्धं बाहेरून दाखवायचं आणि अर्धं मधोमध कापल्यासारखं, म्हणजे काचेची जाडी कळते. पोटुशी बाईने ग्रहणात काही कापायचं नाही, कागदावरसुद्धा नाही, असा तुमचा कायदा. मी डॉक्टरांना सांगितलं की आज डोकं दुखतंय. तुम्ही मला माझी पेन्सिल संध्याकाळी परत दिलीत, टोक करून.

त्या कडुलिंबाखालीच एका दुपारी मी तुम्हाला ते सांगितलं. आजवर ते मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही नीट सांगितलेलं नाही. इथे येण्याआधी पुण्यात मला एक मुलगा झाला होता, आठव्या महिन्यात, श्वास न घेता. एवढ्या लहान जिवाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. सुधीर आणि त्याचे काका त्याला कापडात घेऊन गेले आणि तासाभराने हात धुऊन परत आले. मी विचारलं, कुठे ठेवलंत? काका म्हणाले, बाईमाणसाने ते विचारू नये. सुधीरही बोलला नाही. त्याच्याजवळ काही ठेवलं का, हेही मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही ते सगळं ऐकून घेतलंत, जमिनीकडे बघत. "बरां" एवढंच म्हणालात आणि गाडी सुरू केलीत. मला वाटलं, या माणसाला काय कळणार? त्या दिवशी घराशी सोडल्यावर मी खाली उतरून जिन्यापाशी पोचेपर्यंत तुम्ही गाडी हलवली नाहीत.

आता त्या दुसऱ्या कुपीचं लिहिते.

मला आठवा लागला होता. तोच आठवा. रात्री जरा हालचाल थांबली की मी सुधीरला हलवून उठवायचे. त्या आठवड्यात टेकाडावर एक मातीचा रांजण निघाला आणि त्या रांजणात एक तान्हं मूल. इथे त्या काळी तान्ह्यांना असं रांजणात ठेवून पुरायचे. डॉक्टर जेवणाच्या वेळी उत्साहाने सांगत होते की आत एक काचेची कुपीही आहे, अगदी छोटी, आणि उद्या ती माझ्याकडे चित्रासाठी येईल. मी ताटात हात तसाच ठेवला. तुम्ही समोर बसला होतात.

दुसऱ्या दिवशी पेट्या आल्या तेव्हा मी खिडकीशी उभी होते. तुम्ही पिकअपची मागची फळी खाली पाडलीत, एक पेटी उघडलीत, कापसाचा एक छोटा बोळा काढून स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळलात आणि तुमच्या जेवणाच्या डब्यात ठेवलात. मग वर खिडकीकडे पाहिलंत. मी पडद्याआड झाले.

दत्तारामभाऊ, मी पाहिलं होतं. हे मी पहिल्यांदाच सांगतेय. मी पाहिलं होतं आणि मला त्याच क्षणी कळलं होतं की तुम्ही काय करताय आणि का. माझं बाळंतपण होईपर्यंत ती कुपी माझ्या हाताला लागू नये एवढंच तुमच्या मनात होतं. मी गेल्यावर तुम्ही ती गपचूप पेटीत परत ठेवणार होतात. मला इतकं हायसं वाटलं की मी खुर्चीत बसून रडले. पुढच्या चार रात्री मला गाढ झोप लागली. त्या चार रात्रींबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, आज मानते.

पाचव्या दिवशी सरकारकडून एक अधिकारी तपासणीला आले. दुसरीकडे कुठल्याशा खोदकामातून वस्तू बाजारात गेल्याचा बोभाटा झाला होता, म्हणून सगळीकडे यादी ताडून बघत होते. रांजणाच्या नोंदीसमोर कुपीचं चित्र नव्हतं. डॉक्टरांनी मला विचारलं, कुठे आहे? अधिकारी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातात माझ्या कामाची वही होती आणि वहीवर माझं नाव. माझ्या डोळ्यांपुढे पोलीस आले, सुधीरचा व्हिसा आला, आठव्या महिन्यात मला विमानात बसवून परत पाठवतायत असं दिसलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो त्या खोलीत माझ्या मानेवर श्वास टाकत होता. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. "मीच ती बाजूला ठेवायला सांगितली" एवढं म्हटलं असतं तर डॉक्टरांनी जरा कपाळाला आठ्या घातल्या असत्या, आणि झालं. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही. पेट्या दत्ताराम आणतो."

तुम्हाला बोलावलं. तुम्ही दारात आलात, माझ्याकडे एकदा पाहिलंत, आणि काही न विचारता गाडीकडे गेलात. ते पांढरं फडकं आणून टेबलावर ठेवलंत. कुपी धडधाकट होती, एक पापुद्रा हलला नव्हता. डॉक्टरांनी तीन-तीनदा विचारलं, का घेतलीस? कारण सांगायचं तर परक्या पुरुषांसमोर तुम्हाला माझ्या पोटाबद्दल बोलावं लागलं असतं, माझ्या त्या मुलाबद्दल बोलावं लागलं असतं. तुम्ही म्हणालात, "गलती हो गया साब." अधिकारी पोलिसांना फोन करायला निघाले होते. डॉक्टरांनी अर्धा तास बोलून त्यांना थांबवलं, वस्तू तर मिळाली ना, म्हणून. शेवटी अधिकारी हात झटकून म्हणाले, "खलास. मगर ये आदमी इधर नहीं चाहिए." त्याच दुपारी तुमच्या कंत्राटदाराने तुम्हाला मआमीरच्या यार्डात लोखंड वाहायला पाठवलं. त्या दिवशी मला घरी दुसऱ्याच कुणीतरी सोडलं. फाटकाशी गाडी थांबली नाही.

आणि त्या कुपीचं चित्र मग मीच काढलं. पोट टेबलाच्या कडेला टेकत होतं, बाळ लाथा मारत होतं, आणि मी व्हर्नियरने तिचा गळा मोजत होते. काही झालं नाही. ऋचा नीट जन्मली, पहिल्याच मिनिटाला तिने हॉस्पिटल डोक्यावर घेतलं. म्हणजे तुम्ही जे टाळायला गेलात ते टळलं नाही, आणि ज्याला आपण दोघं घाबरलो तेही घडलं नाही. फक्त तुमची नोकरी आणि नाव गेलं.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही बारशाला आलात. मआमीरहून दोन बस बदलून, बाळाला झबलं घेऊन. इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या बायका आपसात कुजबुजल्या, हाच ना तो? मी ऐकलं आणि पेढ्यांचं ताट घेऊन आत गेले. खाई त्याला खवखवे. त्यानंतर दर दिवाळीला तुम्ही यायचात, तिला मांडीवर घ्यायचात, आणि मी दर वेळी ठरवायचे की आज सांगायचं. चहा व्हायचा, फराळ व्हायचा, तुम्ही चपला घालायचात.

नऊ-दहा दिवसांपूर्वी मोहनने कळवलं की तुम्ही सलमानिया हॉस्पिटलात आहात, छातीत पाणी झालंय. मी संत्री घेऊन आले. रस्ताभर वाक्य पाठ करत होते. तुमच्या नाकात नळी होती, तरी तुम्ही विचारलंत, "चेडू कसां आसा?" मी म्हटलं, छान आहे, पहिलीत जाईल आता. मग तुम्ही थोडं थांबून विचारलंत, "माझ्यामुळे तुमचां काम अडलां नाय मा?" मी संत्रं सोलत होते. मी "नाही हो" म्हणाले आणि सोलत राहिले. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. खरं सांगते, ती घंटा ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. उद्या येते म्हणाले. उद्या ऋचाच्या शाळेत कार्यक्रम होता, परवा सुधीरची पार्टी होती. तेरवा मोहनचा फोन आला.

मोहनकडूनच कळलं की तुम्ही घरी काय सांगितलं होतंत. वाळूने डोळे जातात म्हणून मीच काम बदलून मागितलं, असं. बायकोला सुद्धा खरं सांगितलं नाहीत. पण इथून रजेवर गेलेल्यांनी गावात चोरीची गोष्ट नेलीच. तुम्ही इतकी वर्षं ती ऐकून घेतलीत.

सुधीर म्हणतो, "कशाला उकरून काढतेस आता? माणूस गेला, विषय संपला. उद्या गावातून कुणीतरी इथे येऊन बोलेल, मंडळात तोंड दाखवायची चोरी होईल." तो वाईट नाही, तोही भितो. आमच्या घरात भय दोघांना पुरेल एवढं आहे. मी त्याला विचारलं, आपल्या पहिल्याला तुम्ही कुठे ठेवलंत? इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तो म्हणाला, "नदीकाठी, बाभळीच्या बाजूला. त्याच्याजवळ माझा रुमाल ठेवला होता, बाकी काही नव्हतं माझ्याकडे." आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो.

आज सकाळी मी पत्राला हात घातला. तीन कागद फाडले. तिन्हींवर "गैरसमज झाला होता" असं लिहिलं होतं. कुणाचा गैरसमज, कसा झाला, ते कुठेच नव्हतं. चौथ्या कागदावरही तेच लिहिणार होते. तेवढ्यात मोहन आला, विमानाची वेळ सांगायला. जाता जाता म्हणाला, "वहिनी, जरा सांभाळून लिहा हां. वहिनीला आमच्या वाचता येत नाही. दुबईचं, बहारीनचं पत्र आलं की शाळेतले मास्तर ओटीवर बसून मोठ्याने वाचतात. सगळी वाडी जमते ऐकायला." त्याने ते माझ्या भल्यासाठीच सांगितलं.

सगळी वाडी. ज्यांनी तुम्हाला चोर म्हटलं ती सगळी माणसं, त्या ओटीवर, एका जागी, कान देऊन. याहून भीतीदायक काही मला सुचत नाही, आणि याहून योग्य जागाही नाही.

तुम्हाला इतकं सांगितल्यावर आता त्यांचं पत्र लिहून झालं आहे. एकच पान. पाकीट चिकटवलेलं नाही. मास्तरांना कुठे अडायला नको म्हणून ऋचाच्या वहीतल्यासारखी मोठी, सुटी अक्षरं काढली आहेत. खाली सही नाही, संपूर्ण नाव आहे, माहेरचंसुद्धा. पहिली ओळ अशी आहे: दत्ताराम यांनी चोरी केली नाही, हे मला त्याच दिवशी माहीत होतं, आणि मी गप्प राहिले.